मेजावरचा आणि मांडीवरचा

वैशाखाच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमारासच जामनेरचा बाजार ओस पडू लागतो आणि कांग नदीच्या कोरड्या पात्रावरून येणाऱ्या झळा दुकानांच्या ताडपत्र्या हलवीत राहतात, अशा दिवसांतल्या एका दुपारी मी संगणक-दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात बसून एका लॅपटॉपचे पोट उघडले जाताना पाहत होतो. कारागिराने तळाचे दहा-बारा बारीक स्क्रू काढून एका ताटलीत ओळीने मांडले, नखाने कड उचकटून झाकण वेगळे केले, आणि पंख्याच्या तोंडाशी असलेली, काडेपेटीहून थोडी लांबट अशी तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी बाहेर काढून ती उजेडासमोर धरली. जाळीतून पलीकडचे काही दिसेना. पात्यांच्या आतल्या अंगाला नमद्यासारखी करडी पट्टी बसली होती; ती त्याने चिमट्याने अखंड ओढून काढली तेव्हा दिसले की तिच्यात धुळीपेक्षा रुईचे तंतूच अधिक होते. ज्या गावात दिवाळीपासून जिनिंगची यंत्रे सुरू होतात आणि कापसाने भरलेल्या गाड्या जाता-येता हवेत तूस सोडीत जातात, त्या गावातला पंखा जी हवा ओढील तिच्यात हेच येणार.

लॅपटॉप जिचा होता ती मुलगी शेजारीच उभी होती. ती जळगावला वास्तुकलेचे शिक्षण घेते. वडिलांनी कापसाचा चुकारा हाती आल्यावर, घरातल्या दोन कामांना मागे सारून, तिला हे यंत्र घेऊन दिले. आजोबांचे जुने धाब्याचे घर, त्याच्या जाड मातीच्या भिंती आणि छतातल्या झरोक्यातून ओसरीत उतरणारा उजेड यांचे त्रिमित चित्र ती संगणकावर तयार करीत होती. तिच्या काकांची नकाशे काढण्याची कचेरी तहसीलच्या रस्त्यावर आहे आणि तिथे मेजाखाली ठेवलेला, हिच्या यंत्राहून एक वर्ष जुना संगणक आहे. तेच चित्र तिने दोन्हींवर करून पाहिले होते.

“सर, माझ्यावर सातचा आकडा आहे अन् काकांच्या मशीनवर पाचचा. तरी तेच चित्र त्यांच्याकडे आधी तयार होतं. दुकानदारानं पप्पांना फसवलं का?”

फसवणूक कोणाचीच झालेली नव्हती, हे तिला सांगणे सोपे होते. परंतु फसवणूक न होताही माणसाची अपेक्षा आणि वस्तूचे सामर्थ्य यांत एवढे अंतर का पडावे, हे समजावून सांगण्यास ती दुपार पुरली नाही, आणि ज्या घरांत असे यंत्र वर्षाच्या पिकाच्या पैशांतून येते त्या घरांना ते कळणे अगत्याचे आहे, म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

प्रथम आकड्याची गोष्ट. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर या मार्गाने जामनेरला येणारी जी छोटी गाडी खानदेशात ‘पी. जे.’ या नावाने ओळखली गेली, तिच्या दोन रुळांत ७६२ मिलिमीटरांचे अंतर होते. आणि पाचोऱ्याच्याच स्थानकातून मुंबई-हावडा मार्गावरच्या ज्या मोठ्या गाड्या धडधडत जातात त्यांच्या रुळांत १,६७६ मिलिमीटरांचे. दोन्हींना आपण आगगाडीच म्हणत आलो, आणि ते चुकीचेही नाही. पण छोट्या रुळांवर किती भार घालावा व वळणावर किती वेग धरावा याची मर्यादा त्या ७६२ मिलिमीटरांनीच ठरविली होती. प्रोसेसरच्या नावातले तीन, पाच, सात, नऊ हे आकडेही असेच आपापल्या रुळांवरचा दर्जा सांगतात. इंटेल कंपनीच्या तेराव्या पिढीतील ‘आय सेव्हन’ या एकाच नावाखालची तीन भावंडे पाहावीत. मेजावरच्या संगणकासाठी असलेल्या ‘१३७०० के’ मध्ये १६ गाभे आहेत, म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारे १६ गणकविभाग, ज्यांना सर्रास ‘कोअर’ म्हणतात. त्यांपैकी ८ मोठे आणि ८ लहान. जाडजूड लॅपटॉपांत बसणाऱ्या ‘१३७०० एच’ मध्ये ते १४, आणि सडपातळ लॅपटॉपांत बसणाऱ्या ‘१३५५ यू’ मध्ये १०, ज्यांत मोठे फक्त २. पण खरा भेद पुढच्या रकान्यात आहे. पहिल्याची पायाभूत विद्युत्शक्ती १२५ वॅट, दुसऱ्याची ४५, तिसऱ्याची १५. आणि थोड्या वेळापुरती घेता येणारी कमाल शक्ती अनुक्रमे २५३, ११५ व ५५. तेव्हा नावातला सात पाहून खरेदी करणाऱ्याने त्या नावाच्या शेवटी असलेल्या के, एच, यू या एकेका अक्षराकडे पाहिले पाहिजे, कारण सातबाऱ्यावर जशी जमिनीची प्रत नोंदलेली असते तशी प्रोसेसरची प्रत त्या शेवटच्या अक्षरात आहे. कंपनीने हे सर्व आपल्या तपशीलपत्रकांत उघड छापले आहे. ते खोक्यावरच्या चकचकीत चिकटपट्टीवर मावत नाही एवढेच.

आता हे वॅट कशासाठी इतके निर्णायक, हे पाहण्याकरिता भुसावळजवळच्या दीपनगरापर्यंत जावे. तिथल्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज निघते. पण कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून मोठा भाग विजेत येतच नाही, तो धुराड्यांतून आणि शीतकरणाच्या पाण्यातून आकाशाला द्यावा लागतो, आणि तो देता आला नाही तर संच बंद ठेवावा लागतो. प्रोसेसरची स्थिती याहून बिकट आहे. तो जी वीज घेतो ती सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. त्याने केलेली बेरीज-वजाबाकी वजनाला किंवा ऊर्जेला काही भरत नाही. २५३ वॅट हा आकडा लहान वाटेल, पण ती शक्ती जिच्यावर खर्च होते ती सिलिकॉनची चकती मोठ्या प्रोसेसरांतही अवघी अडीच चौरस सेंटिमीटरांच्या घरातली असते. घरातली १,००० वॅटची इस्त्री आपल्या सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरांच्या तळाने कापड पोळते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास ५ वॅट. त्या चकतीवर दर चौरस सेंटिमीटरास १०० वॅटांच्या जवळपास येतात. इस्त्रीच्या वीसपट दाट अशी ही आग ज्याला विझवीत राहता येते, तोच प्रोसेसर पूर्ण वेगाने पळवू शकतो. मेजावरच्या संगणकाच्या पेटीत वीतभर उंचीचा ॲल्युमिनियमचा पात्यांचा ठोकळा आणि तळहाताएवढे पंखे बसवायला जागा असते. मांडीवरच्या यंत्राला (लॅप म्हणजे मांडीच) दीड-दोन सेंटिमीटर जाडीत पडदा, कळफलक, बॅटरी आणि हा अग्नी, सर्वांचा संसार थाटावयाचा असतो.

वेग आणि विजेचा खर्च यांचे नाते सरळ प्रमाणाचे असते तर गोष्ट इतकी गुंतागुंतीची झाली नसती. प्रोसेसरमधील अब्जावधी सूक्ष्म कळा दर ठोक्याला उघडमीट करतात, आणि त्यांत खर्च होणारी शक्ती ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि ठोके जलद हवे असतील तर व्होल्टेजही चढवावे लागते. परिणामी शक्तीची मागणी स्थूलमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. व्होल्टेजच्या या वर्गाचे सामर्थ्य पेंटियमच्या कुळात चांगले दिसते. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या निर्मितीत अग्रभागी होते तो पहिला पेंटियम १९९३ साली आला तेव्हा ५ व्होल्टवर चाले. पुढच्याच वर्षीची त्याची सुधारित आवृत्ती ३.३ व्होल्टवर आली, आणि ३.३ भागिले ५ याचा वर्ग केला तर ०.४४ येतो, म्हणजे तेवढ्या एका बदलाने दर ठोक्यामागचा खर्च निम्म्याहून खाली उतरला. घनाचा हा नियम उलट बाजूने वाचला की लॅपटॉपचे सारे अर्थशास्त्र उलगडते. वेग निम्मा केला तर शक्ती एकअष्टमांश लागते. काम दुप्पट वेळ चालले तरी एकूण वीज पाव भागच खर्च होते. प्रत्यक्षात गळतीसारखे काही ठरावीक खर्च असल्यामुळे लाभ इतका संपूर्ण मिळत नाही, पण दिशा हीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा असलेली गोष्ट सांगतो, आणि ती विहिरीच्या भाषेत सांगितली तर जामनेर तालुक्यातल्या कोणालाही कळेल. उन्हाळ्यात रात्रभर झिरपून विहिरीत चार-पाच हात पाणी साचते. सकाळी पाच अश्वशक्तीची मोटर चालू केली की पहिला अर्धा-पाऊण तास पाट भरून वाहतो. पाहुण्याला वाटावे, विहिरीला मरण नाही. मग साठा संपतो, मोटर हवा घेऊ लागते, आणि पुढे दिवसभर झरे जितके देतील तितकेच पाणी मिळते. विहिरीची खरी योग्यता शेतकरी पहिल्या पाऊण तासावरून ठरवीत नाही, झऱ्यांवरून ठरवतो. लॅपटॉपमध्ये पाण्याऐवजी उष्णता आहे आणि प्रवाह उलटा आहे, एवढाच फरक. काम सुरू होताच थंड असलेले तांबे व धातूचे आवरण उष्णता पोटात घेते, त्यामुळे प्रोसेसर अर्धा-एक मिनिट आपली कमाल शक्ती, म्हणजे ‘१३५५ यू’ च्या बाबतीत ५५ वॅटपर्यंत, वापरू शकतो आणि त्याचा एकेक मोठा गाभा सेकंदाला ५०० कोटी ठोक्यांपर्यंत धावतो. तांबे तापले, साठवण भरली, की यंत्र त्याला पायाभूत १५ वॅटांच्या आसपास, पंखा बरा असेल तर थोडे वर, आणून ठेवते. यानंतर जे चालते ते झऱ्याचे पाणी. काकांच्या कचेरीतल्या यंत्रासारख्या मेजावरच्या ‘आय फाइव्ह १२४००’ या २०२२ च्या प्रोसेसरला एकाच जातीचे ६ मोठे गाभे आहेत. त्याची पायाभूत शक्ती ६५ वॅट, कमाल ११७, आणि सर्वोच्च वेग सेकंदाला ४४० कोटी ठोके. पहिल्या अर्ध्या मिनिटात एका गाभ्याचे काम असेल तर मांडीवरचा सात त्याच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढेही पळेल. पत्र लिहिणे, जाळ्यावरचे पान उघडणे, हिशेबाचा तक्ता उलगडणे अशी क्षणाक्षणाची कामे त्याच पहिल्या पाण्यावर भागतात. पण घराच्या चित्रातला प्रत्येक किरण झरोक्यातून शिरून, भिंतीवर आपटून, ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत किती उजेड नेतो याचे गणित पाऊण तास चालते, आणि पाऊण तासाच्या शर्यतीत सतत ६५ वॅट पचवणारा पाच सतत पंधरा-वीस वॅट पचवणाऱ्या साताला मागे टाकतो, यात नवल नाही.

या हिशेबात जामनेरचा वैशाख कुठे येतो? प्रोसेसरची चकती सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत तापू दिली जाते. त्यापुढे तो स्वतःच वेग तोडून स्वतःला वाचवतो. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे चकती आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. २५ अंशांच्या खोलीत हे अंतर ७५ अंशांचे. पत्र्याखालच्या ४५ अंशांच्या खोलीत ५५ अंशांचे. म्हणजे तेच यंत्र, तोच पंखा, पण वाहून नेता येणाऱ्या उष्णतेत एकचतुर्थांशाहून अधिक तूट. घनाच्या नियमाची सवलत असल्याने वेगातली तूट तेवढी पडत नाही, सुमारे एकदशांशावर भागते. रुईच्या तंतूंनी जाळीची वहनक्षमता निम्म्यावर आणली असे धरले, तर वेग एकपंचमांशाने उतरेल. तथापि व्होल्टेजला खालची एक सीमा असते. ती आली की सवलत संपते आणि मग उष्णतेत जितकी काटकसर तितकीच थेट वेगात. १५ वॅटांच्या यंत्रांना ही सीमा जवळच असते, म्हणून उन्हाळा त्यांना अधिक लागतो. प्रोसेसरची परीक्षणे बहुधा थंड केलेल्या खोल्यांत होतात, आणि त्यांतले आकडे खरे असले तरी खानदेशात मे महिन्यात ते वजावाट करूनच वाचावे लागतात.

याच संदर्भात संगणकाच्या इतिहासातले एक वळण मला फार मननीय वाटते. आकाराने लहान होत जाणाऱ्या कळांचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवीत नेले तर चकतीच्या क्षेत्रफळामागची उष्णता वाढत नाही, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले होते, आणि पुढची तीस वर्षे सारा उद्योग या आश्वासनावर चालला. शतकाच्या संधीवर इंटेलने पेंटियम फोर काढला तो ठोक्यांचा वेग हेच सर्वस्व मानून. एकेक काम २० बारीक टप्प्यांत तोडून टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा, ही त्याची रीत. २००४ साली टप्पे ३१ वर गेले, वेग सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांवर गेला, शक्ती ११५ वॅटवर गेली, आणि तिथे डेनार्डचे आश्वासन संपले. ४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोक्यांचा, जाहीर केलेला पेंटियम फोर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. मेजावरच्या यंत्रांचा हा राजमार्ग असा खुंटत असताना इस्राएलमधील हैफा येथे त्याच कंपनीचे दुसरे पथक केवळ लॅपटॉपसाठी एक प्रोसेसर घडवीत होते. त्याला वॅटांची चैन करण्याची मुभाच नव्हती; म्हणून त्या पथकाने ठोके थोडे ठेवून दर ठोक्याला अधिक काम उरकण्यावर भर दिला. मार्च २००३ मध्ये आलेला हा पेंटियम एम १६० कोटी ठोक्यांचा आणि सुमारे २५ वॅटचा होता, आणि तरी कितीतरी अधिक ठोक्यांच्या पेंटियम फोरशी तो खांद्याला खांदा लावून उभा राही. जुलै २००६ मध्ये मेजावरच्या संगणकांसाठी जो ‘कोअर टू ड्युओ’ आला त्याची वंशावळ पेंटियम फोरकडे न जाता या हैफाच्या धाकट्याकडे जाते. आज आपण ज्याला डेस्कटॉपचा दांडगा प्रोसेसर म्हणतो तो मूळचा मांडीवरच्या यंत्रासाठी शिकलेल्या काटकसरीचा वारस आहे. तेव्हापासून नुसत्या गिगाहर्ट्झवरून दोन वेगळ्या कुळांतल्या प्रोसेसरांची तुलना करणे म्हणजे बैलाच्या पावलांच्या संख्येवरून नांगरट मोजण्यासारखे झाले आहे. एका पावलात किती तास पडले, ते पाहावे लागते.

चिप एकच ठेवून घर बदलले तर काय होते, याचाही प्रयोग जगाला आयता पाहावयास मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपल कंपनीने आपला एम-१ हा ८ गाभ्यांचा प्रोसेसर एकाच वेळी तीन यंत्रांत आणला: पंखाच नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये, पंखा असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये आणि मेजावर ठेवावयाच्या मॅक मिनीमध्ये. मिनिट-दोन मिनिटांच्या चाचणीत तिघे एकसारखे धावले. चाचणी लांबत गेली तसा बिनपंख्याचा एअर काही मिनिटांनी मागे पडू लागला, आणि मिनी आपला वेग टिकवून राहिला. मेजावरच्या ‘आय नाइन १३९०० के’ आणि लॅपटॉपच्या ‘१३९८० एचएक्स’ यांतही गाभे सारखेच २४ आहेत; पण पहिल्याला कमाल २५३ वॅट मिळतात आणि दुसऱ्याला १५७. हा दुसरा मोठ्या लॅपटॉपांत बसतो, त्याचा पंखा खोलीभर ऐकू येतो, आणि वीजजोडापासून दूर नेले की त्याचा बराचसा जोर जातो, कारण बॅटरी इतकी शक्ती फार काळ देऊ शकत नाही. ज्याला मोठ्या रुळांची गाडी छोट्या रुळांवर चालवून पाहावयाची असेल त्याच्यासाठी ते यंत्र आहे. विद्यार्थ्याने त्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मापनाचा प्रश्न संगणकाइतकाच जुना. १९७२ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका मापन-प्रणालीला व्हेटस्टोन हे नाव पडले ते लेस्टरशायरमधल्या त्या नावाच्या खेड्यावरून, कारण ती ज्या भाषांतरक प्रणालीवर आधारली होती ती तिथे लिहिली गेली होती. एका खेड्याचे नाव जगभरच्या संगणकांच्या वेगाचे एकक बनावे, ही गोष्ट मला आवडते. जॅक डोंगारा यांच्या लिनपॅकवर जगातल्या महासंगणकांची क्रमवारी १९९३ पासून लागत आली आहे. घरगुती यंत्रांसाठी मॅक्सॉन कंपनीची सिनेबेंच ही चाचणी सध्या प्रचलित आहे, आणि तिच्या २०२० च्या आवृत्तीत किमान दहा मिनिटे चाचणी चालविण्याची रीत ठेवली गेली, तिचे मर्म वर सांगितलेल्या विहिरीत आहे. लॅपटॉप घेणाऱ्याने दुकानातच दहा मिनिटांची चाचणी लावून दहाव्या मिनिटाचा आकडा वहीत टिपून घ्यावा, आणि तीच चाचणी वीजजोड काढून पुन्हा एकदा घ्यावी. दुकानदाराला ही वीस मिनिटे जड वाटली तरी गिऱ्हाइकाने संकोचू नये.

गाभ्यांच्या संख्येबद्दलही एक सावधगिरी हवी. शेतात वेचणीला दहा बाया लावल्या तर कापूस दसपट वेगाने वेचला जाईल, पण काटा एकच असेल तर वजनाशी रांग लागेल. सबंध कामाचा एकदशांश भाग असा एकट्यानेच करण्याजोगा असेल, तर शंभर गाभे लावूनही काम दसपटीपेक्षा जलद होत नाही. जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा नियम आहे. किरणांचे गणित जवळजवळ सर्वच वेचणीसारखे असते, म्हणून त्या मुलीच्या कामात गाभे आणि त्यांना सतत पोसणारे वॅट हे दोन्ही उपयोगी पडतात. उलट सातबारा काढताना अर्जदार ज्या चक्राकडे डोळे लावून बसतो त्याचा समोरच्या प्रोसेसरशी बहुधा काही संबंध नसतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. तो उघडण्यास लागणारा वेळ दूरच्या सर्व्हरवरची गर्दी आणि मधली तार यांच्या हवाली असतो, आणि तिथे तलाठ्याच्या लॅपटॉपमध्ये काय आहे अन् तहसील कचेरीतल्या डेस्कटॉपमध्ये काय आहे, याने काडीचा फरक पडत नाही. अशा कामासाठी अधिक आकड्याचा प्रोसेसर घेणे म्हणजे सरकारी असो वा घरचा, पैशाचा अपव्यय होय.

उष्णतेचा हा प्रश्न लहान यंत्रांचाच आहे असेही नाही. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा केला, तेव्हापासून महाराष्ट्राला मोठ्या संगणकांची ओळख आहे. पुण्याच्याच आयसरमध्ये २०१९ साली बसविलेल्या परम ब्रह्म या महासंगणकाची कमाल क्षमता तेव्हा सेकंदाला ७९७ लाख कोटी गणनांची होती, आणि त्याच्या प्रोसेसरांची उष्णता नेण्यास हवा अपुरी पडते म्हणून शीतक द्रव नळ्यांतून थेट त्यांच्या अंगापर्यंत खेळविला आहे. तिथेही अखेर ती उष्णता आकाशालाच द्यावयाची असते.

दुकानात कारागिराने जाळी धुऊन-फुंकून स्वच्छ केली, चकतीवरची वाळून खपली झालेली थर्मल पेस्ट खरवडून काढली, मोहरीएवढा नवा थेंब ठेवून तांबे पुन्हा बसवले, आणि यंत्र सुरू करून तिच्याच घराच्या चित्राची एक चौकट त्याच्यावर चढवली. आम्ही तिघेही पडद्यावरचा वेगाचा आकडा पाहत राहिलो. सुरुवातीला तो झपाट्याने वर गेला, तापमान शंभराला भिडले, पंखा घोंगावू लागला, आणि मिनिटभराने आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत एका जागी स्थिरावला. ती जागा पूर्वीपेक्षा वर होती. काकांच्या यंत्राची बरोबरी अजूनही नव्हती, आणि ती कधी होणारही नव्हती.

“मग हे परत द्यावं का, सर?”

काकांचा संगणक जळगावच्या बसमध्ये मांडीवर घेता येत नाही, हे मी तिला सांगितले. भारनियमन झाले की तो तत्क्षणी डोळे मिटतो आणि हिचे यंत्र तसेच चालू राहते, हेही सांगितले. आणि तेवढेच चित्र करण्यास हिचे यंत्र त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी वीज खाते, हे घनाच्या नियमाने कागदावर मांडून दाखवले. भिंत सरकवून पाहणे, झरोका मोठा करून पाहणे, ही घटकाघटकाची कामे लॅपटॉपवर करावीत, आणि पाऊण तासाचे शेवटचे चित्र काकांच्या कचेरीत, ते घरी गेल्यावर लावून ठेवावे, असे ठरले.

पण मुदतीच्या आदल्या दिवशी काका लग्नाला चोपड्याला गेले आणि कचेरीला कुलूप राहिले. तेव्हा तिने जे केले ते तिने मला नंतर सांगितले. गच्चीवर सारे झोपलेले असताना पहाटे साडेतीनला ती उठली, कठड्याशी दोन विटांवर लॅपटॉप ठेवला म्हणजे तळाखालून वारा जाईल, खालच्या खोलीतून वायर वर ओढली आणि चित्र लावून दिले. त्या वेळी हवेत थोडा गारवा होता. पंखा चालू होता, पण दुपारसारखा ओरडत नव्हता. आई पाणी भरायला उठली तेव्हा अर्धे घर पडद्यावर उमटले होते. भिंतींवरचा गिलावा, खांबांवरच्या रेषा, ओसरीची चौकट. पूर्वेला फटफटले तेव्हा झरोक्याखालचा शेवटचा चौकोन भरत होता, आणि आजोबा खाटेवरून उठून, धोतर सावरीत, आपल्याच घरात उतरलेला तो उजेड वाकून पाहत होते.